रांगेतली खुर्ची
डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या दणकट गाड्यांच्या रांगेत खुर्ची टाकून बसायचं, तर आधी बॉनेट उघडून इंजिन गरजवून दाखवावं लागतं. वेंडेलची फुप्फुसं निकामी झाली होती. मित्रांत स्वतः गाडी चालवत येता यावं, म्हणून त्यानं आपल्या जुन्या गाडीचं इंजिन काढून विजेची मोटर बसवली होती. त्यानं बॉनेट उघडलं.

“म्हाताऱ्या, वॉशिंग मशीन आणलंस होय?” रांगेतला त्याचा मित्र रस्क हसला.

“धूर सोसत नाही रे. बसू दे ना.”

“आधी आवाज काढ!”

रस्कनं आपली गाडी मागे घेत तिचा सायलेन्सर वेंडेलच्या अंगावर आणला आणि ॲक्सिलरेटर दाबला. वेंडेल वाकून खोकू लागला.

“निघाला की आवाज!” कोणीतरी ओरडलं.

टाळ्या पडल्या. त्याला खुर्ची मिळाली, रस्कच्या सायलेन्सरमागेच. वेंडेल तिच्यावर बसला.