खिशातला हात

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी सासू लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. यंदाच्या जूनमध्ये त्याच जिभेनं माझ्या पोरीची शाळा घालवली.

ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, विलासची, उजव्या हाताची तीन बोटं चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली गेली. ठेकेदारानं पट्टी बांधून घरी सोडलं आणि पुढच्या महिन्यात कामावरून काढलं. तेव्हापासून हे रोज वेगवेगळ्या कंपन्यांच्या गेटवर उभे राहायचे. गेटवर चेहरा कुणी बघत नाही, आधी हात बघतात. मग "नंतर या" म्हणतात. म्हणून मीच सांगितलं, हात खिशात ठेवत जा. घरमालकाला कळू द्यायचं नाही, दुकानदाराला नाही, शाळेत तर अजिबात नाही. बिनकामाच्या माणसाला इथं कुणी खोलीसुद्धा देत नाही. मिनललाही दम भरला होता. नववीत जाणारी पोर, मान डोलावून गप्प बसली.

पण खोली अशी किती दिवस टिकणार? आज ना उद्या हिंगोलीकडं, गावी परतावं लागणार हे दिसत होतं. गावातली शाळा आठवीला संपते. दीर तर फोनवर आधीच म्हणाला होता, "पोरीला घिऊन या वहिनी, एक स्थळ हाय." चौदा वर्षांच्या पोरीला स्थळ! मी फोनच आपटला.

मिनलला शिकतं ठेवायचा एकच रस्ता होता. थेरगावात काही निवृत्त कामगारांनी मंडळ काढलंय. मुलींचं वसतिगृह चालवतात. दर वर्षी आमच्या शाळेतली एक मुलगी घेतात आणि तिची दहावी होईपर्यंत सगळं बघतात. मिनलच्या वर्गशिक्षिकेनं, तनुजा मॅडमनी, तिचा अर्ज भरून घेतला. मग निरोप आला, मंडळाचे उद्धवराव घर बघायला येणार.

झालं. मी पदर खोचला. शेजारणीची खुर्ची आणली, पोहे केले, भिंतीवरचे डाग कॅलेंडर लावून झाकले. ह्यांना खोल खिशाची पँट घालायला लावली.

उद्धवराव आले. सत्तरीचे, साधा सदरा, बोलणं इथल्या जुन्या गावकऱ्यांचं. वयानं एवढे मोठे, पण ह्यांनी नमस्कार केला नाही. एका हातानं कसला करणार? नुसती मान हलवली. पोह्यांची ताटली डाव्या हातानं पुढं केली. उद्धवरावांच्या कपाळाला आठी पडली. ती बघून मी घाबरले आणि घाबरले की मी बोलत सुटते.

"काम कसं चाललंय?" त्यांनी ह्यांना विचारलं.

हे तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणाले, "लई चांगलं. रोज ओव्हरटाइम असतो. आता परमनंट करणार हायेत."

"काय अडचण असंल तर मोकळं बोला. आमी बी मशिनवरचीच मानसं हाय."

"अडचण कायबी नाई, काका. फक्त शिफ्टमुळं पोरीकडं लक्ष देता यीना."

हे माझ्याकडं बघत राहिले. मिनलही. उद्धवरावांनी वहीत काहीतरी लिहिलं, अर्धे पोहे ठेवले आणि गेले. मला वाटलं, जिंकले.

आठ दिवसांनी नाव लागलं ते मिनलच्या वर्गातल्या दिपालीचं. मी तनुजा मॅडमना शाळेच्या दारातच गाठलं.

"अहो, मंडळ आधी अपघात झालेल्या कामगारांच्या मुली घेतं," त्या म्हणाल्या. "दिपालीचे वडील बॉयलरवर भाजून गेले. तुमच्याकडं तर सगळं ठीक आहे ना?"

मी तिथूनच माघारी वळले. घरी जाऊन ह्यांना आणि मिनलला, तिच्या दप्तरासकट, तशीच घेऊन निघाले आणि बस बदलत थेरगावला पोचले.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात उद्धवराव होते. दिपाली पत्र्याची पेटी घेऊन आईला बिलगून उभी होती. मी कशाचाही विचार केला नाही. ह्यांचं मनगट धरलं आणि हात खिशातून ओढून काढला.

"काका, हे बघा. बघा ना!"

उद्धवराव बघत राहिले. मग पायरीवर बसले.

"मला वाटलं, मानूस मस्तीत हाय. खिशातनं हातच काढंना. मी तसंच लिवलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "त्या दिशी का न्हाई दाखवला, पोरी?"

"चुकलं माझं. पाया पडते तुमच्या. दोघी एका खाटंवर झोपतील. नाईतर माझी खाली फरशीवर झोपंल, काय म्हणायची नाई ती."

"खाटा मोजून सरकारी परवानगी हाय. एक जास्त ठिवली तर सगळ्याच पोरी भाईर काढत्याल. कुनी सोडून गेली तर पयला फोन तुला." मिनलकडं वळून म्हणाले, "तू तरी बोलायचं, बाळा."

"आईनं सांगितलं होतं," मिनल म्हणाली, "कुणालाच सांगायचं नाही."

तेवढ्यात दिपालीनं भोकाड पसरलं. "मला नाही राहायचं इथं, मला घरी ने." तिची आई पदरानं तोंड झाकून उभी होती. खरं सांगते, लपवून आता काय करायचंय, त्या बाप मेलेल्या पोरीकडं बघून माझ्या मनात आलं, रड, आणखी रड, हट्ट सोडू नको. मी देवाला तेवढंच मागत होते.

मिनल पुढं गेली. तिनं पेटीची एक कडी धरली, दिपालीला दुसरी धरायला लावली आणि दोघी आत गेल्या. आतून आधी रडणं ऐकू येत होतं, मग नुसतं बोलणं, मग तेही थांबलं.

बऱ्याच वेळानं मिनल एकटी बाहेर आली.

"खाट खिडकीजवळ आहे तिची," ती मला म्हणाली. "राहील आता ती."

ह्यांनी हात परत खिशात घातला. मी पोरीचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं आणि आम्ही बसस्टॉपकडं निघालो.