पेनबाबांची फुंकर आणि लुडोचे फासे

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा तास सुरू व्हायची वेळ झाली, तरी वर्गात एकच पोरगी! बाकी अख्खा वर्ग जिन्याखाली, पेनबाबांपुढे रांगेत. बाबा एकेक पेन कपाळाला लावत, डोळे फिरवत आणि "फूं!" करत.

"शाईत तेज उतरलं, बाळा! आता तू पेन चालवू नकोस, पेनच तुला चालवील!"

चमत्कारच होता हो! पहिल्या चाचणीत तळाला गेलेल्यांपैकी दहा जणांनी पेनं फुंकून घेतली आणि दुसऱ्या चाचणीत नऊ जणांचे गुण वाढले. पहिल्या चाचणीत पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळवणारी आमची चष्मेवाली मात्र बाबांना हसली होती. ती आली एकोणचाळीसवर. झालं! "बाबांचा शाप!" मैत्रिणी तिच्या शेजारी बसेनात. आता रिकाम्या वर्गात ती एकटीच विषय सोडायचा अर्ज घेऊन उभी होती.

"सही करा ना, मॅडम. अभ्यास तेवढाच केला होता. मग शापच असणार."

माझं डोकंच फिरलं. मी मानसशास्त्र शिकवणार आणि माझीच पोरगी शापाला भिऊन पळणार?

"सही तासानंतर," म्हटलं आणि पोरांसकट बाबांना मानानं वर्गात आणलं. स्वारी भलतीच खूश!

साठ जणांना लुडोचे दोन-दोन फासे टाकायला लावले. बेरीज चार किंवा कमी आलेले दहा जण उठवले आणि त्यांच्या फाशांवर मीच फुंकर मारली. पुन्हा टाकले, तर नऊ जणांची बेरीज वाढली! पोरं बाकं बडवायला लागली. "मॅडमबाबा की जय!"

"थांबा! दहाच्या वर गेलेल्यांना आता खुद्द बाबा फुंकतील. घसरू देऊ नका हं, बाबा."

बाबांनी गाल फुगवून फुगवून फुंकलं. तरी बहुतेक सगळे धडाधड घसरले. चष्मेवालीचे बाराचे झाले पाच.

"शाप!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कुणाचा रे? फुंकलं तर बाबांनीच!"

हसून हसून वर्गाची पुरेवाट झाली.

"फाशांना श्रद्धा नसते, बाई!" बाबा कडाडले.

"मग माझ्या फुंकरीनं वाढले कसे?"

बाबांना एकदम काहीतरी काम आठवलं. ते गेले.

"अरे, चाचणीत अभ्यास असतो, तसा थोडा योगायोगही असतो," मी म्हटलं. "वाचलेलाच प्रश्न येतो, नाहीतर नेमकं डोकं दुखतं. ज्यांचं सगळंच बिनसतं ते तळाला जातात. पुढच्या वेळी सगळंच कसं बिनसेल? म्हणून वर येतात. ज्यांचं सगळंच जमून येतं, ते थोडे खाली येतात. फुंका, नाहीतर फुंकू नका."

"म्हणजे ते अठ्ठेचाळीस सगळे माझे नव्हते?" चष्मेवाली म्हणाली.

"नव्हते. आणि एकोणचाळीसचा दोषही सगळा तुझा नाही."

ती एकदम उठली. "मॅडम, तळाचे जे तेव्हा बाबांकडे गेलेच नाहीत, त्यांचं काय झालं? कुणी विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं! तिनं हातातला कागद उलटा करून त्यावर तक्ता आखला आणि बाकाबाकाशी जाऊन गुण विचारले. न फुंकलेले सात जण निघाले. सहांचे गुण वाढले होते.

मला तर नाचावंसं वाटलं! पोरांनो, चमत्कार दिसला की खुशाल टाळ्या वाजवा, पण मग हिच्यासारखं विचारा: बाबा नसते तर काय झालं असतं?

तास संपला. मी पेन काढलं. "आण तो अर्ज, सही करते."

"नाही देणार," ती म्हणाली. "त्याच्यामागे माझा तक्ता आहे."