पडझड : भगदाड, एक

मालधक्क्याच्या आवारात रूळ सात होते, त्यांतला वापरात एक. गोदामं चार, तिनांची छपरं शाबूत, चौथ्याच्या छपरातून झाड वर आलेलं. गंजून जागीच रुतलेली क्रेन एक. विहीर एक, झाकलेली. झाडं एकसष्ट. मागच्या अंगाला धक्क्यावरच्या जुन्या कामगारांची बैठी घरं चोवीस, सगळी राहती. कुत्री नऊ, पण ती पाहणीच्या तक्त्यात धरायची नव्हती. आणि स्टेशनकडच्या भिंतीची पडझड : भगदाड एक, रुंदी नव्वद सेंटिमीटर, दुरुस्त करावे.

हे सगळं मोजलं होतं मोजपट्टीने. मोजपट्टी म्हणजे वस्तू नव्हे, मुलगी. लहानपणी घरी आलेल्या पाहुण्यांच्या चपला मोजून, ‘एक चप्पल कमी आहे’ असं तिने भर बैठकीत जाहीर केलं होतं. तेव्हापासून आत्या तिला त्याच नावाने हाक मारायची.

नियोजन कचेरीत लागून तिला अजून वर्ष झालं नव्हतं. ओस पडलेल्या धक्क्याच्या जागी, स्टेशनच्या इतकं जवळ, खाली दुकानं, मध्ये कचेऱ्या आणि वर घरं उभी राहणार होती. जागेची पाहणी तिच्याकडे आली. चोवीस घरांतलं एक आत्याचं. घरवाल्यांपुढे दोन पर्याय होते. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात नवी इमारत, नाहीतर शहराच्या टोकाला, बसथांब्यासमोरच्या वसाहतीत घर.

आत्या कपडे शिवायची आणि गठ्ठा काखेला मारून रोज गाडीने बाजारात पोचवायची. गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून चालताना तिचा जीव मेटाकुटीला येई.

“बाकीचं मला काही कळत नाही,” ती म्हणाली होती. “त्या इमारतीपासून स्टेशन किती लांब, तेवढं सांग.”

मोजपट्टीने दांड्याला लावलेलं मोजणीचं चाक घेतलं, इमारतीच्या जागेपासून निघून वस्ती रोज जायची तशी भगदाडातून वाकून पलीकडे गेली, रूळ ओलांडले आणि थेट स्टेशनच्या पायरीला चाक टेकवलं. तीनशे ऐंशी मीटर.

“पाच मिनिटं. तुला सात.”

आत्याने ते दारोदार जाऊन सांगितलं. बावीस घरांनी इमारत निवडली. आणि अंतर मोजलं त्याच संध्याकाळी मोजपट्टीने तक्ता पुरा करताना ते भगदाड पडझडीच्या रकान्यात टाकलं. एका गोष्टीचा दुसरीशी काही संबंध आहे, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

या आठवड्यात गवंडी आले आणि भिंत सलग झाली.

मोजपट्टी धावत साहेबांकडे गेली. साहेब शांतपणे म्हणाले, “माणसांनी रुळांवरून चालावं म्हणून भिंत पाडा, असं मी लिहून देऊ?”

“मग पूल, सर? पादचारी पूल नकाशात आहे.”

“दुसऱ्या टप्प्यात आहे.”

“दुसरा टप्पा कधी?”

“पहिला झाल्यावर,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी फोन उचलला.

पर्याय बदलायला आज पाचपर्यंत मुदत होती. आजच सांगितलं तर आत्याला अजून वसाहतीतलं घर घेता येणार होतं. मोजपट्टी दुपारी तीनलाच चाक घेऊन आत्याच्या दारात उभी राहिली. दारापर्यंत येताना तिने वाक्य तीनदा जुळवलं होतं.

आत जाऊन बघते तो निम्मी वस्ती तिथेच जमलेली. आतोबा कोपऱ्यात पेपर धरून बसलेले, शेजारचा ड्रायव्हर उंबऱ्यावर, आणि आत्या शिलाई मशीनवरून सगळ्यांना झापत होती.

“आली बघा इंजिनियर!” ड्रायव्हर म्हणाला. “वहिनी, आता स्टेशन मागेपुढे सरकवून घ्या.”

“तू गप रे. सात मिनिटं म्हणाली म्हणजे सात. हिने मोजलेलं कधी चुकलंय?” आत्याने सुईत दोरा ओवला. “ती भिंत ज्या शहाण्याने बुजवायला लावली ना, त्याला एकदा माझ्यापुढे उभा करा. कधी पायी गेलाय का कुठे मेला? गाडीत बसून लिहिलं असेल!”

“एसी गाडीत,” ड्रायव्हर म्हणाला.

“हात झडो त्याचे!”

सगळे हसले.  मोजपट्टीने हातातलं चाक भिंतीला टेकवलं, ते घसरलं, तिने परत उभं केलं. हातांचं काय करावं हेच तिला कळेना.

“आता हीच सांगेल साहेबांना,” आत्या म्हणाली. “उघडून देतील. काय गं?”

आतोबांनी पेपर खाली केला.

“आत्या, जरा आत येतेस?”

स्वयंपाकघरात दोघींना उभं राहायला जेमतेम जागा होती. जुळवलेलं वाक्य मोजपट्टीला आठवलंच नाही.

“तो शहाणा मी आहे.”

“काय?”

“भगदाड मी लिहिलं. दुरुस्त करावे, असं. ज्या दिवशी त्यातूनच गेले, त्याच दिवशी. भिंत उघडणार नाही, आत्या. पुलाचा पत्ता नाही. मी तुला सांगितलेलं अंतर आता नाहीच.”

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, आणि परत तिथेच ठेवलं.

“घरोघरी जाऊन मी शपथेवर सांगितलंय गं,” ती हळूच म्हणाली.

मोजपट्टी दाराकडे वळली.

“बाहेर सांगते मी सगळ्यांना.”

“काय सांगणार?”

“मीच ते लिहिलं म्हणून.”

“आणि मी उद्या कुणाला तोंड दाखवू?” आत्याने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. “ते राहू दे. आता किती पडतं, तेवढं सांग.”

“रस्त्याने मोजलं नाहीये.”

“मग चाक कशाला आणलंयस?”

आत्या बाहेर आली. तिने गठ्ठा उचलला, काठी घेतली. “चला रे सगळे. भिंत बुजली म्हणून पोरगी आपण होऊन परत मोजायला आलीय. पाचच्या आत काय ते ठरवू.”

“बघा, याला म्हणतात माया,” ड्रायव्हर म्हणाला, आणि या वेळी तो थट्टा करत नव्हता.

मोजपट्टी खाली मान घालून इमारतीच्या कोपऱ्यापासून निघाली. मागे आत्या, तिच्यामागे सगळे. ओल्या गिलाव्याचा चौकोन आला तेव्हा कुणीतरी त्याच्यावर थुंकलं. चाक टिकटिक करत भिंतीच्या कडेने फाटकापर्यंत गेलं, मोठ्या रस्त्याने रुळांखालच्या बोगद्यात उतरलं, पलीकडे चढलं, आणि रुळांच्या दुसऱ्या अंगाने तेवढंच मागे आलं. बोगद्याच्या चढावर आत्या दोनदा थांबली. गठ्ठा ड्रायव्हरने घेतला. मोजपट्टी प्रत्येक वेळी चाक जागच्या जागी धरून उभी राहिली, आत्याचा श्वास ऐकत.

स्टेशनच्या पायरीला चाक टेकलं.

“किती?” आत्याने विचारलं.

मोजपट्टीने वाकून आकडा पाहिला, आणि मागच्यांना ऐकू जाईल असा वाचला.

“एक हजार सहाशे बेचाळीस मीटर.”