खिशातला फ्यूज

दुकान चष्म्यांचं होणार होतं, पण आत काम करणाऱ्यांना एकमेकांना बघायला चष्म्याची गरज नव्हती. एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत होतं. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागायचे. त्यात सुताराच्या फळ्या, फरशीवाल्याच्या सिमेंटच्या पिशव्या, वायरींची भेंडोळी आणि भिंतींना टेकवलेले उंच आरसे. उद्या सकाळी उद्घाटन. मालक घटकेघटकेला डोकावून "झालं का?" विचारायचा, आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा.

वायरमन मुळात वाईट माणूस नव्हता, पण डोकं भडकलं की त्याला आपपर कळायचं नाही. मागच्या कामावर एका रंगाऱ्याचे दोन दात पाडून तो घरी बसला होता. या कामावर त्याने बायकोच्या धाकट्या भावाला सोबत घेतलं होतं. तो त्याचा साला होता, नात्याने आणि दिवसभर तोंडानेही. निघताना बायको दारात आडवी उभी राहिली.

"तुम्हाला कुणाची डोकी फोडायची ती फोडा," ती म्हणाली, "पण माझा भाऊ नेताय तसाच परत आणा."

"अगं, फ्यूज माझ्या खिशात असतो," वायरमन म्हणाला. "मला विचारल्याशिवाय वीज घरात शिरत नाही."

ही फुशारकी नव्हती. मेहुणा वायरला हात लावणार म्हटलं की वायरमन बाहेरच्या बोर्डातला पांढरा फ्यूज उपटायचा, शर्टाच्या खिशात टाकायचा आणि खिशाचं बटण लावायचा. मग मालक येवो नाहीतर मालकाचा बाप, वीज नाही म्हणजे नाही. धंद्यातली एवढी एक गोष्ट तो कधी चुकला नव्हता.

त्या दुपारीही फ्यूज खिशातच होता. मेहुणा मागच्या कोपऱ्यात शिडीवर उभा राहून, छताच्या भोकात हात घालून तारांचे जोड पिळत होता. वीज नाही म्हणून फरशीवाल्याचं कटर बंद, आणि शेवटच्या ओळीच्या फरश्या कापायच्या राहिलेल्या. बिचारा मांडी घालून बसला होता.

"अजून किती वेळ रे बाबा?"

वायरमनने खिसा थोपटला. "दम धर."

आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की भिंतीतला त्याचा स्विचचा डबा गायब आहे. सुताराने त्यावर अख्खा प्लाय ठोकून, वर चकचकीत सनमायका लावून टाकला होता. सुतार चहाला गेला होता. वायरमनने इकडेतिकडे पाहिलं, सुताराच्या पेटीतली पटाशी उचलली आणि सनमायक्यावर हातोडीने ठोकली. पटाशी आतल्या स्क्रूवर बसली. धारेचा टवका उडाला.

दुसऱ्याच्या डब्यातलं खावं, दुसऱ्याची चप्पल घालून जावं, पण सुताराच्या पटाशीला हात लावू नये. हे वायरमनला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं होतं.

सुतार आत आला. त्याने आधी पटाशी पाहिली, मग भगदाड.

"कुणाला विचारून घेतलीस?"

"माझा डबा गाडताना तू कुणाला विचारलंस?"

"अरे, डबा उकरता आला असता. ही माझ्या बापाची पटाशी आहे!"

"मग बापाला सांग धार लावायला."

सुताराचा बाप जाऊन महिना झाला नव्हता. त्याचा ठोसा थेट वायरमनच्या नाकावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तोंडात रक्ताची खारट चव आली. मग काय, त्याला हवं तेच झालं. त्याने सुताराची मान पकडून डोकं आरशावर आपटलं. काच खळ्ळकन फुटली, सुताराच्या कपाळातून रक्ताची धार लागली. सुताराने गुडघा त्याच्या पोटात घातला. उरलेल्या आरशांत दहा वायरमन दहा सुतारांना बडवत होते, आणि पडायला मात्र एकालाही जागा नव्हती.

"भाऊजी, सोडा त्याला!" मेहुणा शिडीवरून ओरडला. "भाऊजी, ताईला काय सांगू मी?"

सुताराने वायरमनचा शर्ट धरून ओढला. बटण तुटलं. खिसा टरकन फाटला. फ्यूज घरंगळत फरशीवाल्याच्या पायाशी गेला. वायरमनला यातलं काही कळलं नाही. तो सुताराच्या बरगड्या मोजण्यात गुंग होता.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. फ्यूज खाली पडलाय म्हणजे काम आटोपलं असणार, असं फरशीवाल्याने धरलं. वर बघायची तसदी त्याने घेतली नाही. फ्यूज उचलला, बाहेर जाऊन बोर्डात बसवला, आणि आत येऊन कटर सुरू केलं.

सुताराचं तोंड मागच्या कोपऱ्याकडे होतं. त्याचा उगारलेला हात हवेतच थांबला. त्याने वायरमनला ढकललं, भिंतीलगतची जाड लाकडी पट्टी उचलली आणि तो शिडीकडे धावला.

वायरमनला एवढंच दिसलं, की आता हा मेहुण्यावर सूड उगवणार. त्याने मागून सुताराच्या कमरेला मिठी घातली आणि त्याच्या कानावर बुक्क्या मारत सुटला.

"सोड, तो चिकटलाय!"

"फ्यूज माझ्या खिशात आहे!"

"मग कटर कशावर चालतंय, गाढवा?"

वायरमनचा हात खिशाकडे गेला. बोटं स्वतःच्या उघड्या छातीला लागली.

मेहुण्याचे दात घट्ट मिटले होते, डोळे पांढरे झाले होते, आणि त्याच्या पायांखाली शिडी तडतड वाजत होती. बोर्डाकडे धावायचं ते वायरमनला सुचलंच नाही. तो हात छातीवर धरून उभा राहिला. सुताराने पट्टी दोन्ही हातांनी उगारून मेहुण्याच्या दंडावर घातली. एकदा. हात सुटेना. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज कटरच्या आवाजातही ऐकू आला, आणि मेहुणा शिडीसकट खाली कोसळला.

श्वास चालू नव्हता. सुतार त्याच्या छातीवर दोन्ही तळवे दाबत राहिला; कपाळातलं रक्त मेहुण्याच्या तोंडावर ठिबकत होतं. फरशीवाला कटर बंद करून दारात उभा होता. वायरमन गुडघ्यांवर बसून नुसता "ए साल्या, ऊठ ना रे" म्हणत होता.

मग मेहुण्याने घरघरत श्वास ओढला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडून आपल्या वाकड्या झालेल्या हाताकडे पाहिलं.

"कुणी मारलं?"

"मी," सुतार म्हणाला. "सुटत नव्हतास रे."

वायरमनला राहवलं नाही. "फ्यूज... माझ्या खिशात होता," तो म्हणाला.

मेहुण्याची नजर त्या लोंबणाऱ्या खिशावर गेली. मग त्याने मान सुताराकडे वळवली.

"माझ्या ताईला फोन तुम्ही करा," तो म्हणाला.