वळणावरची कोरी जागा

मित्रांनो, मी म्हातारा आहे आणि मी पडदा आहे. खिडकीवरचा नाही, नाटकाचा. वय विचाराल तर जेमतेम सहा वर्षे. पण नाटकाच्या पडद्याची सहा वर्षे म्हणजे माणसाची साठ समजा, कारण माणसाला कोणी दर मुक्कामी गुंडाळून बैलगाडीत टाकत नाही. माझ्यावर जंगल रंगवलेले आहे असे लोक सांगतात. मी ते कधी पाहिलेले नाही. पडद्याला स्वतःचे चित्र दिसत नाही, समोर बसलेली माणसे दिसतात. माझे जंगल कसे आहे हे मी त्यांच्या तोंडांवरून ओळखत आलो. कुंचला मात्र कुठे फिरला आणि कुठे फिरला नाही, ते मला अंगावरून माहीत असते. त्यात माझी चूक होत नाही.

मला शिवले तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पुढे तो मुंबई राज्यात गेला. जिल्हा जागचा हलला नाही, कागद तेवढे हलले. चामोर्शीजवळच्या एका गावात गुणवंतरावांची नाटक मंडळी होती. धान घरात आले, दिवाळी सरली, की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एक जत्राच, भरते आणि मंडई म्हटली की नाटक हवेच. गुणवंतरावांनी शिंप्याकडून मांजरपाटाचे पाच पट्टे जोडून घेतले, वर-खाली बांबू घातले आणि मला वारलूच्या ताब्यात दिले. वारलू गावचा चित्रकार. म्हणजे तो धानाची शेती करी आणि उरल्या वेळात भिंतींवर हत्ती, मोर आणि गुणवंतरावांचे पडदे रंगवी.

माझ्याआधी त्याने 'महाल' रंगवला होता. वारलूने जन्मात महाल पाहिला नव्हता, त्यामुळे तो फार सुरेख उतरला. जंगल घरामागेच होते, ते काही केल्या उतरेना. शेवटी त्याने एका कॅलेंडरवरून काम भागवले. बर्फाचा डोंगर, खाली तळे, तळ्यात दोन हंस आणि काठावर आपल्या पदरचा एक वाघ. पहिल्याच मंडईत मी खाली सुटलो आणि मागून आवाज आला, "हे कोन्या गावचं जंगल होय, भाऊ?"

"मोहाचं झाड कुठी हाये याच्यात?"

"वाघ पाय ना! गुणवंतरावच्या मिशा लावून आला!"

लोक इतके हसले की पुढचा रडायचा प्रवेश नटांना रडता आला नाही. गुणवंतराव दुसऱ्या दिवशी मिशीवरून हात फिरवत वारलूला म्हणाले, "पुढच्या मंडईपर्यंत खरं जंगल काढ. नाई तं मी नागपूरचा पेंटर आणतो." मला नदीवर नेऊन धुतले. सरसात कालवलेले रंग पाण्यात सुटतात. हंस वैनगंगेतून वाहत गेले, वाघही गेला.

वारलूच्या हातून जंगल का उतरत नव्हते, ते आता सांगतो. मला शिवण्याच्या तीन वर्षे आधी त्याचा धाकटा भाऊ लटारू मुलचेऱ्याच्या वाटेने बांबू तोडायला गेला आणि परत आला नाही. गावाने आठ दिवस शोधले. कुऱ्हाड सापडली नाही, वहाण सापडली नाही, रक्ताचा थेंब दिसला नाही. वाघाने नेला म्हणावे, तर वाघसुद्धा काहीतरी मागे ठेवतो. त्यांची आई गुणाबाई तो गेला असे कोणाला म्हणू देत नसे. मोहफुले वेचून आणली की ती लटारूच्या वाट्याची वेगळी वाळत घाली. अशी तीन वर्षांची तीन गाडगी भरली होती. वारलूने तेव्हापासून त्या बाजूच्या शिवेकडे पाऊल टाकले नव्हते.

आता जाणे भाग पडले. उन्हाळ्यात तो मला डोक्यावर घेऊन निघाला. शिवेवर एक मोठे मोहाचे झाड आहे, तिथे मुलचेऱ्याची वाट वळते. त्याने मला झाडाखाली पसरले, हातात कोळसा घेतला आणि चार दिवस नुसता बसून राहिला. कलावंत असे बसतात तेव्हा त्याला चिंतन म्हणतात. गुणवंतराव त्याला दुसरे काहीतरी म्हणत.

त्याच झाडाखाली पोचू नावाचा म्हातारा गोंड सागाचा खांब कोरत बसे. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने खांब उभा करतात आणि त्यावर त्याच्या आवडीच्या वस्तू कोरतात. पाचव्या दिवशी पोचूने पटाशी खाली ठेवली.

"काय पाहून राह्यला रे?"

"झाड."

"झाड तं उभंच हाये. तूच पळून राह्यला."

वारलू म्हणाला, "बाबा, काय कोराचं ते तुले कसं सुचते?"

"मले कायले सुचन? ज्याचा खांब, त्याच्या घरच्याले इचारतो. याच्या बायकोनं सांगतलं, सायकल कोर."

"सायकल चालवे का थो?"

"कधीच नाई. एक डाव चामोर्शीच्या बाजारात पायली होती. मंग मरेपर्यंत तिच्याबद्दलच बोले."

वारलू हसला. हे आपल्याला लागू आहे असे त्याला वाटले नाही. कला आतून यावी लागते, असे त्याने कुठेतरी ऐकले होते. त्याने घरात कोणाला काही न विचारता कोळसा उचलला.

रंगकाम गोठ्याच्या भिंतीवर मला ताणून झाले. गेरू, पेवडी, नीळ, काजळी आणि खडू. शिंदीच्या काडीचे टोक ठेचून केलेला कुंचला. चौदा दिवस तो माझ्या अंगावर पान पान ठेवत होता. मोहाचे झाड झाले, बांबूची बेटे झाली, वाट झाली. वाट वळणापर्यंत आली आणि कुंचला थांबला. तो रोज तिथवर येई आणि परत फिरे. शेवटी वळणावर वीतभर जागा त्याने तशीच सोडली. तिथे रंग नाही, सरसाचा हातही नाही. तेवढ्या जागी मी उघडा राहिलो आणि तिथून मला वारा लागे. गोठ्यात वारा नसतानाही लागे.

पुढच्या मंडईत मी खाली सुटलो. कोणी हसले नाही, कोणी टाळी वाजवली नाही. पाठीमागून कोणी आपले नाव घेऊन हाक मारली की चेहरा जसा होतो, तसे शेकडो चेहरे माझ्यासमोर झाले. मग एक बाई हळूच म्हणाली, "वळनावर कोन उभा हाये?"

"पाठमोरा हाये."

"माया नवरा होय थो," सुकरी नावाची बाई उठून उभी राहिली. तिचा नवरा आसामच्या चहामळ्यात गेला होता, त्याला नऊ वर्षे झाली होती. दुसऱ्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला तिथे त्याचा मुलगा दिसला. प्रत्येकाला कोणी ना कोणी दिसला, आणि प्रत्येकाला त्याची पाठच दिसली.

मित्रांनो, मी पुन्हा सांगतो, तिथे कुंचला फिरलेला नव्हता.

गुणवंतराव व्यवहारी माणूस. त्यांनी खुलासा केला की मागून गॅसबत्तीचा उजेड कोऱ्या कापडातून येतो, बाकी काही नाही. खात्रीसाठी त्यांनी मला भर दुपारी चावडीच्या मातीच्या भिंतीला टांगले. भिंतीतून उजेड यायची काही सोय नव्हती. ते माझ्यापुढे बराच वेळ उभे राहिले, टोपी काढली, "आमचे आबा," एवढेच म्हणाले. आणि घरी जाऊन पुढच्या सात मंडयांच्या सुपाऱ्या घेतल्या. त्यानंतर प्रत्येक प्रवेशाला मीच सुटू लागलो. राजा दरबार जंगलात भरवू लागला, राणी जंगलात रुसू लागली आणि महाल बैलगाडीत पडून राहिला. लोक सीताफळे, विड्या, तांदळाच्या पुड्या माझ्या पायाशी ठेवून जात. एवढे कौतुक मी पुन्हा कधी अनुभवले नाही. खरे सांगतो, मला ते आवडत नव्हते. कोऱ्या जागेतून येणारा वारा आता गार झाला होता, दाट झाडीतल्या जमिनीसारखा.

तिसऱ्या मंडईला गुणाबाई आली. मला पाहताच तिने लटारूचे नाव घेतले आणि वारलूचा हात धरला. "थो येऊन राह्यला का जाऊन राह्यला? एवढं सांग मले."

त्या दिवसापासून म्हातारी आमच्या गाडीमागून गावोगाव चालू लागली. दिवसा मला हवेशीर टांगत तेव्हा ती माझ्यासमोर येऊन बसे. पहिल्या गावी दहा हात दूर बसली, पुढच्या गावी आठ. जेवण पुढे ठेवले तर त्याच्याकडे पाहत नसे. दंडाची हाडे दिसू लागली.

"माये, घरी चाल," वारलू म्हणे.

"मी उठली आन् थो वळला तं?"

"माये, ते कापड हाये. मी रंगवलं हाये."

"मंग वळव ना त्याले."

होळी झाली. मोह गळू लागला. आमच्याकडची बाई अंगात ताप असला तरी पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला जाते. गुणाबाई गेली नाही. तेव्हा वारलू घाबरला. आई आता त्या वाटेने जाणार, हे त्याला कळले.

एका दुपारी, मी आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीला टांगलेला असताना, ती उठली, सरळ माझ्याजवळ आली आणि कोऱ्या जागेवर तिने तळवा ठेवला. मला तो कळला. खरखरीत, तापलेला. आणि त्याच क्षणी त्याच जागी माझ्या मागच्या बाजूने दुसरा तळवा टेकला. तो गार होता. मागे हातभर जाडीची भिंत होती, मित्रांनो. मी हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. मला तोंड नाही हे एक कारण आहे.

वारलू तसाच पळत गेला आणि पोचूला घेऊन आला. पोचूने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"वाट बेस काढली. पन वाटेवर मानूस सोडला आन् त्याले जागाच नाई देल्ली. थो बसन कुठी? उभाच राह्यला बिचारा." मग त्याने विचारले, "मायले इचारलं होतं?"

"नाई."

"काऊन?"

वारलू जमिनीवर बसला. आईकडे न पाहता बोलू लागला. "माये, त्या दिवशी मीबी जानार होतो. महालाची नीळ कालवून ठेवली होती, वाळून गेली असती. मी म्हनलो, तू चाल पुढं, मी आलोच. थो वळनावरून गेला, मी पाठमोरा पायला. आन् मी गेलोच नाई, माये."

गुणाबाईचा तळवा अजून माझ्यावर होता. तो हळूहळू खाली आला.

"नीळ वाळली का मंग?" तिने विचारले.

"वाळली."

"मले आधीच सांगाचं ना रे," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.

पोचूने मध्येच खाकरून काम सुरू केले. "काय आवडे त्याले?"

"आमच्यात खांब नाई करत, बाबा," वारलू म्हणाला.

"कापडावर करा. मोहाखाली खांब काढ रे, त्या कोऱ्या जागेवर. बोल, बाई."

गुणाबाई बोलू लागली, वारलू कुंचला चालवू लागला. लाल दुपट्टा. डाव्या खांद्यावरची कुऱ्हाड. घरचा ढवळा गोऱ्हा. "जिलेबी," ती म्हणाली.

"खांबावर जिलेबी?" वारलूचा हात थांबला.

"मंडईत पावभर एकटा खाये. काढ."

त्याने जिलेबी काढली. म्हातारी जवळ वाकून म्हणाली, "याले तीनच वेढे? लबाड!" आणि हसली, आणि मग रडली. इतक्या वर्षांत ती रडली नव्हती. शेवटचा हात फिरला आणि वारा बंद झाला. माझ्या पाठीमागे कोणीतरी खाली बसल्याचा आवाज झाला, दमून आलेला माणूस बसतो तसा. दुसऱ्या दिवशी गुणाबाई घरी गेली आणि टोपली घेऊन मोह वेचायला लागली.

त्यानंतर नाटक मंडळीचे नुकसानच झाले. सुकरीने येऊन वारलूसमोर बैठक मारली, "मायाही काढ. त्याले बासरी आवडे, वाजवता येत नव्हती." मग मुलगा दिसलेला तो म्हातारा आला. मग रांग लागली. वारलू प्रत्येकाला विचारी, तासन् तास ऐके आणि मग एक खांब काढी. त्याला पुन्हा कधी काही सुचायची वाट पाहावी लागली नाही. माझी वाट, बांबूची बेटे, सगळे खांबांनी भरून गेले. एके दिवशी गुणवंतरावांनी कपाळावर हात मारला, "हे जंगल हाये का मसनवट? याच्यापुढं राजा गाणं कसं म्हनन?" त्यांनी नागपूरहून नवे जंगल आणले. त्यात हंस आहेत असे ऐकतो. मी चावडीच्या आढ्यावर गेलो. उंदरांनी खालचा काठ खाल्ला, पावसाचे ओघळ आले, माझी आठवण कोणाला राहिली नाही.

गुणाबाई गेल्या वर्षी शांतपणे गेली. तिचा खांब वारलूने काढला. यंदा भादव्यात वारलूच हिवतापाने गेला. त्याच्या घरात आता कोणी नाही. पोचू मला उतरवून समोर बसला, पटाशी हातात घेतली आणि खाली ठेवली. "हा साऱ्याइले इचारे," तो म्हणाला, "याले काय आवडे ते कोनी इचारलंच नाई." आणि तो उठून गेला.

मित्रांनो, जुन्या पडद्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवा, उंदरांपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यापैकी ज्याच्या हाती कुंचला असेल त्याने चामोर्शीकडे यावे. कोणाला विचारायची गरज नाही, चौदा दिवस मी वारलूच्या हाताखाली होतो. त्याला कच्चा पेरू मिठाशी आवडे. सरसाच्या मडक्यावर हात शेकायला आवडे. उरलेली नीळ तो अंगठ्याच्या नखाला लावी आणि दिवसभर लपवून पाही. एवढे पुरे होईल. डाव्या कोपऱ्यात अजून जागा आहे, आणि तिथून मला पुन्हा तो गार वारा लागू लागला आहे.

फक्त जरा लवकर या. वारलू तिथे पाठमोरा उभा आहे, अंगावरून मला कळते, आणि परवापासून त्याने मान वळवायला सुरुवात केली आहे.