सिंहाचे मागचे पाय

घर पहिलं

अंगणात निळे गमबूट. शेजारी काठीचं टोक. पेइ-लिनला एवढंच दिसतं. डोक्यावर नाचवायच्या सिंहाचं लाल-सोनेरी कापड आणि पुढ्यात ओनिशीकाकांच्या टाचा. काकांची डावी उचलली की हिची डावी. बाहेर ढोल वाजतोय आणि आत तिचं काळीज त्याच्याही पुढे धावतंय.

गमबूट झुकतात. सिंह जबडा उघडतो आणि घरमालकाच्या डोक्याला हलकेच चावतो. वर्षभराची इडापिडा टळली.

पुढे.

मार्चपासून सप्टेंबरपर्यंत

ती मूळची तैवानची. दहा वर्षं ओसाकात नवव्या मजल्यावर राहिली आणि या मार्चमध्ये तिनं शिकोकू बेटावरच्या डोंगरातलं हे घर घेतलं. घर एकोणीस वर्षं बंद होतं. तिनं कौलं बदलली, सरकत्या दारांना नवा कागद लावला. गवत उपसताना विहीर सापडली, तेव्हा विहिरीभोवती एकटीच नाचली. गावानं कांदे दिले, भोपळे दिले, सल्ले तर पोत्यानं दिले. राहिली होती एकच गोष्ट. ऑक्टोबरच्या उत्सवात देवळाचा सिंह, लाकडी डोक्याचा, कापडी अंगाचा, आत दोन माणसं असलेला, गावातल्या प्रत्येक नांदत्या घरी येतो. तो दारात आला की घर गावाचं झालं.

सप्टेंबरात सिंहाचे मागचे पाय शहरात मुलाकडे राहायला गेले.

गावच्या बैठकीत सगळे चटईकडे बघत बसले. हात वर आला तो पेइ-लिनचा. शाळेत असताना मी केलंय, ती म्हणाली. केलंही होतं, पण तैवानच्या पद्धतीनं. पहिल्या सरावाला ढोलावर थाप पडली आणि हिनं पुढच्या माणसाची कंबर धरून त्याला थेट हवेत उचललं. पुढचा माणूस एकाहत्तर वर्षांचा.

"पोरी, खाली ठेव," कापडाच्या आतून ओनिशीकाका म्हणाले. "आमचा सिंह चालतो. उडत नाही."

त्यानंतर ती रस्त्यात दिसली, की म्हातारेकोतारे आधी आपापली कंबर सांभाळायचे.

घर दुसरं, तिसरं

लाकडी वहाणा. मग भोक पडलेला मोजा, त्यातून अंगठा.

चौथ्याकडे जाताना, चढावर

सकाळचं राहून राहून टोचत होतं. उत्सवाचे कारभारी हमादा देवळात घरांची यादी वाचत होते आणि सातव्या, पेइ-लिनच्या नावाशी अडखळले. तुमच्या दारात कोण उभं राहणार, त्यांनी विचारलं. महिनाभर ती सिंहाची वाट बघत होती, महिनाभर सिंहाचे पाय घोटवत होती, पण दोन्ही एकाच दिवशी एकाच बाईला करायचंय, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी दुसरं कोणी नाही. दारात घरचं माणूस नसेल तर सिंह थांबत नाही. शेजारच्या त्सुयाकोआजी म्हणाल्या, मी उभी राहते की. त्यावर हमादा म्हणाले, आजी, तुमचं घर आठवं, एक माणूस दोन घरांचं कसं होईल? आणि सिंहात मागे शिरायला दुसरं कोण, तर दिवसभर वाकून नाचू शकेल असं गावात कुणी नव्हतंच.

"पुढच्या वर्षी बघू," हमादा म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, म्हणून आवाज जास्तच सरकारी निघाला.

काही हरकत नाही, ती म्हणाली. हरकत होती. पहाटे उठून तिनं सिंहाला द्यायचं तबक मांडलं होतं: तांदूळ, मीठ, साके दारूची बाटली.

घर चौथं. पाचवं. सहावं

आणि तरी मजा येत होती, याचाच तिला राग येत होता. घामानं डोळे चुरचुरत होते, मांड्या भरून आल्या होत्या आणि अंगण आलं की पाय आपोआप थिरकत होते.

घर सातवं

खडी. ही खडी तिनं स्वतः टाकलेली. आता सरळ जायचं.

काकांच्या टाचा उजवीकडे वळल्या.

"दोन पायऱ्या आहेत," काका पुटपुटले. "तुझ्याच आहेत, अडखळू नकोस."

बाहेर हमादांचा आवाज आला, अहो काका, हे घर नाही, पुढचं. काकांनी आतूनच मोठ्यानं सांगितलं, सिंहाला झोप आलीय, त्याला मी काय करू. झोपेचा खेळ दरवर्षी देवळापुढे व्हायचा, पण ढोलवाला हुशार होता. त्यानं ठोका संथ केला. सिंहानं डोकं पंजांवर टेकवलं.

"झोपलेल्या सिंहाला मागचे पाय लागत नाहीत," काका कुजबुजले. "जा. मागच्या दारानं. आणि माझे गुडघे दुखतायत, तिथं नटत बसू नकोस."

ती शेपटीखालून रांगत निघाली, विहिरीला वळसा घालून स्वयंपाकघरात शिरली, तबक उचललं आणि पुढचं दार सरकवलं.

अंगणात सगळा गाव. गमबुटांना, वहाणांना, त्या भोकाच्या मोज्यालाही आता चेहरे होते. सिंह तिनं समोरून प्रथमच पाहिला. केवढे सोनेरी दात, आणि मागे नुसतं पसरलेलं कापड.

हमादांनी तिनं घातलेल्या सिंहाच्या केसाळ, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याकडे पाहिलं. मग यादीकडे. घसा खाकरून त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "घरचं माणूस कोण?"

"मी."

"एकटीच?"

"एकटीच. पण आहे ना."

हमादांनी मान डोलावली. ती वाकली. जबडा उघडला, आत काकांचा लालबुंद चेहरा दिसला आणि लाकडी दात तिच्या डोक्यावर टेकले. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते हसू.

"झालं," जबड्यातून आवाज आला. "ये आता लवकर, मागून वारा लागतोय."

तिनं तबक हमादांच्या हातात दिलं आणि सगळ्यांदेखत धावत मागे गेली. त्सुयाकोआजींनी कापड उचलून धरलं. आत शिरताना तिला आठवलं, दार उघडंच राहिलं.

"असू दे," आजी म्हणाल्या. "आज कोण ना कोण येणारच आहे तुझ्याकडे."

सिंह जागा झाला, आधी पुढून, मग मागून, आणि आठव्या घराकडे निघाला.