काय भाजी केली?

लातूरच्या डाळमिलमध्ये अप्रेंटिस म्हणून लागले तेव्हा माझ्या पर्समध्ये स्टॉपवॉच होतं आणि डोक्यात भलतीच हवा. मी लोह्याची दिपाली. आठवड्यातला एक दिवस कॉलेजात मॅनेजमेंट शिकायचं आणि बाकीचे दिवस मिलमध्ये ते करून दाखवायचं. वर्षअखेर कामात एक सुधारणा दाखवली की मिलमध्येच कायमची नोकरी. आमच्या घरात तोवर कुणीच खुर्चीवर बसून काम केलं नव्हतं, त्यामुळे ती नोकरी मला हवीच होती.

मिलचे मुकादम गुरुपादप्पा. सकाळी आठला माणसं जमली की मोटर लावण्याआधी अप्पा एकेकापाशी जाऊन विचारायचे, "काय भाजी केली आज?" कुणी शेपू सांगायचं, कुणी पिठलं. अप्पा मान हलवून पुढे जायचे. मी वेळ मोजली. वीस मिनिटं! झालं, मला माझी सुधारणा सापडली. मालकांना तक्ता दाखवला, तेही खूश. सोमवारपासून आठच्या ठोक्याला मोटर सुरू.

"बरं बाई. तुम्ही शिकलेल्या," एवढंच अप्पा म्हणाले.

गुरुवारी चाळणीवरची नागुबाई चक्कर येऊन पडली. मशीनचा पट्टा वीतभर अंतरावर होता म्हणून हात वाचला. दोन दिवस अंगात ताप होता, घरी चूल पेटली नव्हती. तिला पाणी पाजून अप्पा माझ्याकडे आले.

"मला भाजीचं काय करायचंय, पोरी? जिनं केली न्हाई, तिला त्या दिवशी मशीनवर लावीत नव्हतो. बसून निवडायचं काम द्यायचो. ताप हाय म्हून कुणी सांगत न्हाई, रोज बुडंल म्हून भितात. भाजीचं मात्र खरं सांगतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिपोर्टमध्ये मी माझी चूक जशीच्या तशी लिहिली आणि ती वीस मिनिटं परत मागितली. "मग वर्षभर केलंस काय?" म्हणत मालकांनी अप्पांची सकाळची फेरी पुन्हा सुरू केली, पण मला काही ठेवून घेतलं नाही. सर्टिफिकेटवर अप्पांनी शेरा मारला, 'पोरगी कामाची हाय'. तो वाचूनच नांदेडच्या मिलने मला घेतलं.

आज इथे मी मॅनेजर आहे. अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. रोज सकाळी चाळीस माणसांना मी त्यांचाच प्रश्न विचारते आणि रोज त्यांची आठवण येते.

मागच्या महिन्यात महामाया नावाची अप्रेंटिस आली. तिनेही वेळ मोजली, बावीस मिनिटं. मला हसू आलं. बोलले काही नाही, तिला फक्त रोज सोबत फिरवलं. भाजी न केलेल्यांना मी बसून करायचं काम देते, हे ती बघत होती.

काल आईला दवाखान्यात ठेवून मी तशीच कामावर आले. फेरी संपल्यावर महामाया माझ्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही काय भाजी केली?"

इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. "काहीच नाही गं," म्हटलं आणि डोळे भरून आले.

तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"मग आज तुम्ही बसा. मोटर मी लावते."